संत एलिझाबेथ ॲन सीटन : एपिस्कोपल घरातून आलेली संत

अमेरिकेत गेलेल्या आपल्या माणसांकडून ‘एपिस्कोपल चर्च’ हे नाव ऐकू येते. तिथली उपासना बरीचशी आपल्या मिस्सेसारखी दिसते, म्हणून नवखा माणूस गोंधळतो. संत एलिझाबेथ सीटन यांचे जीवन पाहिले की साम्यही कळते आणि फरकही.

एलिझाबेथ यांचा जन्म २८ ऑगस्ट १७७४ रोजी न्यूयॉर्कच्या अँग्लिकन घराण्यात झाला. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या अँग्लिकनांनी इंग्लंडच्या राजाची सत्ता सोडली. बिशपपद मात्र सोडले नाही. ग्रीक भाषेत बिशपला ‘एपिस्कोपोस’ म्हणजे देखरेख करणारा म्हणतात, त्यावरून एपिस्कोपल हे नाव पडले. १७८९ साली त्यांनी स्वतःचा प्रार्थनाग्रंथ स्वीकारला. धर्मग्रामाच्या प्रमुखाला ते ‘रेक्टर’ आणि निवडून आलेल्या कारभारी मंडळाला ‘वेस्ट्री’ म्हणतात. त्या काळी त्यांच्याकडे कम्युनियन दर रविवारी नसे. आज मात्र तीच त्यांची रविवारची मुख्य उपासना आहे.

एलिझाबेथ ट्रिनिटी चर्चच्या निष्ठावंत सभासद होत्या. १८०३ साली आजारी पतीला घेऊन त्या इटलीला गेल्या. डिसेंबरात पिसा येथे पतीचे निधन झाले. पदरी पाच मुले. त्या दुःखात फिलिक्की या कॅथलिक कुटुंबाने त्यांना आधार दिला. त्यांच्यासोबत मिस्सेला जाताना, ख्रिस्तप्रसादात प्रभू खरोखर उपस्थित आहे ही श्रद्धा त्यांच्या मनाला भिडली.

न्यूयॉर्कला परतल्यावर मनाची ओढाताण सुरू झाली. आपल्या एपिस्कोपल चॅपेलमध्ये बसून त्यांचे मन पलीकडच्या रस्त्यावरील कॅथलिक चर्चमधल्या पवित्र साक्रामेंताकडे धावे. अखेर १४ मार्च १८०५ रोजी त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि २५ मार्चला प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला. त्याची किंमतही मोजावी लागली. अनेक आप्तेष्ट दुरावले, पोटापाण्याचे हाल झाले.

१८०९ साली मेरीलँडमधील एमिट्सबर्ग येथे त्यांनी धर्मभगिनींचा संघ स्थापला आणि गरीब मुलींना शिकवले. तिथेच दोन मुलींचे मृत्यू त्यांनी सोसले. ४ जानेवारी १८२१ रोजी त्या देवाघरी गेल्या. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्यांना संत घोषित केले. अमेरिकेत जन्मलेल्या त्या पहिल्या संत. आज एपिस्कोपल चर्चही आपल्या दिनदर्शिकेत त्यांचे स्मरण करते.

ज्या ख्रिस्तप्रसादासाठी त्यांनी आप्तेष्टांचा दुरावा पत्करला, तो आपल्याला दर रविवारी सहज मिळतो. आज रांगेत उभे राहताना एवढे आठवू या.

संत एलिझाबेथ, आम्हांसाठी विनंती कर.