तारा मोजणारे ओहम मास्तर
शिक्षक-पालकहो, परीक्षा आली की मुलं ‘व्ही इज इक्वल टू आय आर’ घोकत बसतात. हे शोधणारे जॉर्ज ओहम (१७८९–१८५४) शाळामास्तरच होते, हे त्यांना सांगता का?

वडील जर्मनीतल्या एर्लांगेनचे, कुलपं बनवणारे. पोरांना गणित त्यांनीच शिकवलं. कोलोनला शिकवताना ओहम निरनिराळ्या लांबीच्या तारांतली विद्युतधारा मोजत. पण घटाची धारा टिकेचना! मग १८२६ मध्ये त्यांनी दोन धातूंचे सांधे घेतले, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. धारा स्थिरावली, आकडे जुळले. तार लांबली की धारा घटते. निक्रोमची तार, सेल, बल्ब देऊन मुलांना हे एकदा करू द्या, गणितं त्यानंतर.

१८२७ च्या पुस्तकाला जर्मनीत फारसं कुणी विचारलं नाही. ओहमनी नोकरीही सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीचं पदक १८४१ ला मिळालं. म्युनिकला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले तेव्हा साठी उलटली होती.