नियमासाठी संस्था सोडणारे टिळक

लोकमान्य टिळकांच्या चरित्रात मंडाले आणि गणेशोत्सव यांची चर्चा पुष्कळ होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या राजीनाम्याची क्वचितच. १८८० साली चिपळूणकर, आगरकर आदींसह त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभे केले. १८८४ मध्ये सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. तेथे ते गणित शिकवीत.

सोसायटीचे आजीव सदस्यत्व ही निव्वळ नोकरी नव्हती. वीस वर्षे सेवेचा शब्द द्यायचा आणि अल्प वेतनात प्रपंच भागवायचा. सदस्याने बाहेरच्या कामांत शक्ती वेचू नये, बाहेरची मिळकत संस्थेकडे जमा करावी, हा टिळकांचा आग्रह होता. संसाराचा भार वाढलेल्या सहकाऱ्यांना तो जाचक वाटला, आणि ते अगदीच चूक होते असे म्हणवत नाही. वेतनवाढीवरून खटके उडाले. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा वाद विकोपाला गेला.

बहुमत विरुद्ध गेल्यावर त्याच वर्षी टिळकांनी सविस्तर कारणे देऊन राजीनामा दिला. नियमाचा सर्वांत कडवा पुरस्कर्ताच वीस वर्षांच्या आत बाहेर पडला. आगरकर १८९५ मध्ये प्राचार्यपदावर असतानाच निवर्तले. गोखले १९०२ पर्यंत तेथे शिकवीत राहिले.