राजर्षी शाहू छत्रपती : कारणांवर घाव घालणारा राजा

पंचगंगेच्या काठी वसलेल्या या करवीरनगरीला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. आमच्या निवासी शाळेतील प्रत्येक मूल ज्या छताखाली झोपते आणि ज्या पंगतीत जेवते, त्या छताची आणि पंगतीची पूर्वपीठिका या नगरीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घडली. म्हणून या स्मरणिकेत राजर्षी शाहू छत्रपतींच्या चरित्राचे स्मरण करणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर केले की दुःखाचा निरोध होतो, ही तथागतांची शिकवण आम्ही मुलांना प्रथम देतो. शाहू महाराज बौद्ध नव्हते. सत्यशोधक आणि आर्यसमाजी विचारांना त्यांनी आश्रय दिला. तरीही त्यांच्या राज्यकारभाराकडे पाहिले की हीच कार्यकारणाची दृष्टी आम्हांस तेथे ठायी ठायी दिसते. रोगराई, अवर्षण आणि जातिभेद ही तिन्ही संकटे दैवाच्या नावे लिहून मोकळे होण्याचा तो काळ होता. महाराजांनी तिन्हींची कारणे शोधली आणि त्यांवर घाव घातला.

कागलच्या घाटगे घराण्यात 26 जून 1874 रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. 1884 साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू हे नाव धारण करते झाले. राजकोट येथील राजकुमार महाविद्यालयात आणि पुढे धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. 2 एप्रिल 1894 रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

गादीवर येऊन फार दिवस लोटले नाहीत तोच दुष्काळ आणि त्यापाठोपाठ प्लेग आला. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, दुष्काळी कामे काढली, विहिरी व तलावांच्या कामांना चालना दिली. प्लेगच्या काळात लोकांना गावठाणाबाहेरच्या मोकळ्या हवेतील छपरांत हलविले आणि लस टोचून घेण्यास उत्तेजन दिले. देवीचा कोप म्हणून हातावर हात ठेवून बसलेल्या समाजाला औषध आणि स्वच्छता यांच्या मार्गाने नेणे हे त्या दिवसांत सोपे नव्हते. अवर्षणावर कायमचा उपाय म्हणून भोगावती नदीवर धरण बांधण्याची योजना त्यांनी हाती घेतली. त्या परिसरात राधानगरी हे गाव वसले. एका संस्थानाच्या मानाने हे काम फार मोठे होते. महायुद्धाच्या काळात पैशाअभावी ते रेंगाळले आणि महाराजांच्या हयातीत पुरे झाले नाही. स्वातंत्र्यानंतर ते पूर्णत्वास गेले. आज त्या पाण्यावर डोलणारा ऊस पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की ज्याने हे पाणी अडविण्याचा ध्यास घेतला त्याच्या वाट्याला भरलेला जलाशय आला नाही.

नदीचे पाणी अडविता येते, परंतु माणसाने माणसाचे अडविलेले पाणी मोकळे कसे करावे? याच पंचगंगेच्या काठी, कार्तिकस्नानाच्या वेळी, पुरोहित आपल्यासाठी वेदोक्त मंत्र म्हणत नाही, हे महाराजांच्या ध्यानात आले. छत्रपतींची ही अवस्था, तर महारामांगांची काय असेल? वेदोक्त प्रकरणाने त्यांना जे दाखविले ते त्यांनी स्वतःच्या मानापमानापुरते ठेवले नाही. 1894 साली दरबारातील 71 अधिकाऱ्यांपैकी 60 ब्राह्मण होते. या विषमतेचे मूळ बहुजनांच्या बुद्धीत नसून विद्येच्या अभावात आहे, असे त्यांचे निदान होते. 26 जुलै 1902 रोजी, ते स्वतः विलायतेत असताना, करवीर संस्थानाचा हुकूम प्रसिद्ध झाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना देण्यात याव्यात, असा तो आदेश होता.

नोकरीचे दार उघडले, तरी त्या दारापर्यंत पोहोचावयाचे कसे? खेड्यातील मुलाला शहरात राहावयास जागा नाही, जेवावयास घर नाही. 1896 साली राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह महाराजांनी काढले होते. नियमाने ते सर्वांना खुले होते, परंतु प्रत्यक्षात ते पुढारलेल्या वर्गाच्या मुलांनीच भरले. या अनुभवातून महाराजांनी मार्ग बदलला. 1901 साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची, 1906 साली मुस्लिम विद्यार्थ्यांची आणि त्यानंतर लिंगायत व इतर समाजांची वसतिगृहे उभी राहिली. 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्यांना जागा, इमारती, उत्पन्ने दिली आणि प्रत्येक समाजाच्या पुढाऱ्यांना आपापल्या मुलांची जबाबदारी घ्यावयास लाविले. दसरा चौकाच्या परिसरातून जाताना आजही त्या काळाच्या खुणा दिसतात.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. जात मोडू पाहणाऱ्या राजाने जातवार वसतिगृहे का काढली? आमच्या मते याचे उत्तर 1896 च्या अनुभवात आहे. ज्यांच्या पायांत बेड्या आहेत त्यांना मोकळ्यांबरोबर एकाच शर्यतीत उभे केले, तर ती समता केवळ नावाची ठरते. जातवार वसतिगृह ही महाराजांच्या लेखी शिडी होती, मुक्काम नव्हता. म्हणूनच मुले शिकू लागताच त्यांनी भिंती पाडण्यास आरंभ केला. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा त्यांनी केला. 1918 साली महार वतनाच्या जोखडाला हात घातला. 1919 साली अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत बसविण्याची आज्ञा दिली, आणि सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने येथे शिवाशिव पाळण्यास मनाई केली.

हुकूम कागदावर असतो, परंतु विटाळ मनात असतो. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना, सवर्णांच्या पाण्याला स्पर्श केला म्हणून, तेथील नोकरांनी जबर मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवीत, स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या प्रतिष्ठितांनाही तो घ्यावयास लावीत. कायद्याने जे होत नाही ते एका कपाने होऊ शकते, हे त्यांनी ओळखले होते. महाराजांच्या पश्चात त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात गंगारामांनीच पुढाकार घेतला, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

21 व 22 मार्च 1920 रोजी माणगाव येथे भरलेल्या परिषदेत महाराजांनी तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे अस्पृश्य समाजाचा भावी नेता म्हणून बोट दाखविले. ‘मूकनायक’ पत्रास त्यांनी अर्थसाहाय्यही केले होते. दुसऱ्याच्या हाती नेतृत्व देऊन स्वतः बाजूस सरणे हे राजाला कठीण, ते त्यांनी सहज केले. 6 मे 1922 रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांच्या आत होते.

त्यांची शिडी वाया गेली नाही. कोल्हापुरातील जैन वसतिगृहात राहिलेल्या भाऊराव पाटलांना शिवाशिव झुगारल्याबद्दल तेथून बाहेर पडावे लागले होते. त्याच भाऊरावांनी 1924 साली सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उघडले आणि त्याला पुढे शाहू महाराजांचेच नाव मिळाले. 1896 साली जे साधले नाही ते अठ्ठावीस वर्षांनी साधले, कारण मधल्या काळात बहुजनांची मुले शिकून पुढे आली होती.

नद्या सागरास मिळाल्या की आपली नावे सोडतात, तसे संघात येणाऱ्याने आपले कुळ सोडावे, असे भगवान बुद्धांनी भिक्षूंना समजाविले होते. आमच्या शाळेच्या भोजनगृहात मुले आडनाव न विचारता शेजारी बसतात. परंतु येथून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आम्ही आदरपूर्वक एक प्रश्न विचारू इच्छितो. विवाह जुळविताना, भाडेकरू ठेवताना, शेजार निवडताना आपण ते आडनाव आणि ती पोटजात पुन्हा विचारू लागतो काय? तसे असेल, तर शिडीलाच आपण मुक्काम मानले असे होईल. राधानगरीचे धरण दुसऱ्या पिढीने पुरे केले. महाराजांचे दुसरे, अधिक कठीण काम पुरे करणे आपल्या हाती आहे, आणि त्याचा आरंभ आपापल्या घरातील चहाच्या कपापासून करता येईल.