फितीचा कान घडविणारा संशोधक

उमेदवारीच्या दिवसांत माझ्या हातून एक अपराध घडला. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एक जुना रिबन मायक्रोफोन होता. तो चालू आहे की नाही हे पाहावे म्हणून, सभेच्या माईकवर मारतात तशी मी त्यावर जोराने फुंकर मारली. त्यानंतर त्यातून आलेले गाणे पडसे झालेल्या माणसाच्या आवाजासारखे निघाले. आमचे वडीलधारे ध्वनिमुद्रक रागावले नाहीत. त्यांनी जाळी काढून आतली सैल पडलेली फीत मला दाखविली आणि हा मायक्रोफोन ज्याच्या संशोधनातून निघाला त्या माणसाचे नाव सांगितले : हॅरी ओल्सन. त्या नावाचा मी पुढे अनेक वर्षे माग घेतला. जे हाती लागले ते रसिक वाचकांपुढे ठेवतो.

ओल्सन यांचा जन्म १९०१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या माउंट प्लेझंट या गावी झाला. आईवडील स्वीडनहून आलेले. मुलाचा ओढा ओळखून त्यांनी त्याला घरीच एक छोटेसे कारखानावजा दालन करून दिले. तिथे त्याने वाफेचे यंत्र बनविले, लाकडावर चालणाऱ्या बाष्पकाने वीज निर्माण केली आणि स्वतःचे रेडिओ-प्रेषकयंत्रही जुळविले. आयोवा विद्यापीठातून १९२८ मध्ये भौतिकशास्त्राची डॉक्टरेट मिळवून ते आर.सी.ए. या कंपनीच्या संशोधनविभागात दाखल झाले.

त्या वेळी बोलपटाने नुकतेच तोंड उघडले होते, आणि ध्वनिमुद्रक मेटाकुटीला आले होते. प्रचारातला कंडेन्सर मायक्रोफोन चहूबाजूंनी ऐके. नटाच्या संवादाबरोबर कॅमेऱ्याची घरघर आणि भिंतींवरून परतणारा घुमाराही तो गोळा करी. फितीचा मायक्रोफोन जर्मनीत शॉट्की आणि गेरलाख यांनी १९२० नंतरच्या काही वर्षांतच करून पाहिला होता. ओल्सन यांनी त्या कल्पनेला नित्याच्या वापरात टिकेल असे रूप दिले. १९३१-३२ च्या सुमारास आर.सी.ए.चा ४४-ए हा मायक्रोफोन बाहेर पडला आणि पाहता पाहता अमेरिकेच्या नभोवाणीची ओळख होऊन बसला.

त्याची रचना ऐकाल तर साधी वाटेल. लोहचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ॲल्युमिनियमची चुण्या पाडलेली एक फीत टांगलेली असते. तिची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी लागते. स्वर आला की ती हलते आणि तिच्यात सूक्ष्म वीज उत्पन्न होते. फीत पुढून आणि मागून मोकळी असल्यामुळे तिला दोन्हीकडचे सारखेच ऐकू येते. बाजूने आलेला ध्वनी मात्र तिच्या दोन्ही अंगांवर सारखाच दाब देतो, म्हणून ती जागची हलत नाही. काय ऐकावे याइतकेच काय ऐकू नये, हेही त्या फितीला कळते असे म्हणावयास हरकत नाही.

बडोद्याच्या बैठकींत वाढलेल्या रसिकाला याचा उपयोग चटकन उमजेल. गायकाला एका तोंडाशी बसवावे, पेटी दुसऱ्या तोंडाशी थोडी दूर ठेवावी आणि तबला बहिऱ्या बाजूला घ्यावा. गायक हातभर अंतरावर असावा. फार जवळ आला की खर्ज फुगतो. बारीक आवाजाला त्याने अंग येते, भारदस्त आवाज मात्र गढूळ होतो. श्वासाचा झोत फितीवर पडू नये म्हणून तोंड किंचित तिरपे ठेवावे. सारंगीचा आणि पेटीचा टोचणारा वरचा भाग ही फीत सौम्य करून देते. काम झाले की मायक्रोफोन झाकून उभाच ठेवावा. आडवा ठेवल्यास फीत खाली झोल धरते.

पण ओल्सन यांची खरी थोरवी मला त्यांच्या १९४७ च्या एका प्रयोगात दिसते. त्या काळी असे मत पसरले होते की लोकांना संगीतातले वरचे स्वर नकोच असतात. चाचण्यांत श्रोते रेडिओचा दबका आवाजच पसंत करीत. दोष श्रोत्यांच्या अभिरुचीवर आला. ओल्सन यांना ते पटले नाही. त्यांनी पडद्याआड प्रत्यक्ष वादक बसविले आणि मध्ये ध्वनी गाळणाऱ्या झडपा लावल्या. यंत्र नाही, वीज नाही. झडपा मिटल्या की दर सेकंदास ५,००० कंपनांच्या वरचा भाग अडे. उघडल्या की सारे मोकळे. श्रोत्यांना यांतले काही दिसत नव्हते, आणि बहुसंख्यांनी मोकळा स्वरच निवडला. लोकांचे कान ठीक होते. त्यांना वरच्या स्वरांबरोबर यंत्रांतली विकृतीही ऐकावी लागत होती, म्हणून ते दबक्या आवाजाचा आसरा घेत होते.

पुढे १९५३ मध्ये त्यांनी नको असलेला ध्वनी विरुद्ध ध्वनीने शमविण्याचे उपकरण मांडले. आज गोंगाट घालविणारे कर्णयंत्र लोक कानांवर चढवितात, त्यामागे हेच तत्त्व आहे. हर्बर्ट बेलार यांच्यासमवेत त्यांनी स्वर निर्माण करणारे विजेचे प्रचंड यंत्रही उभारले. शंभरावर पेटंटे त्यांच्या नावे जमा झाली. १९६७ मध्ये ते निवृत्त झाले आणि १ एप्रिल १९८२ रोजी प्रिन्स्टन येथे निधन पावले.

फितीचे मायक्रोफोन आजही नव्याने बनतात. माझ्या त्या जुन्यात नवी फीत बसविली तेव्हा आमचे वडीलधारे गृहस्थ हयात नव्हते. तो तपासावयाचा झाला की मी हातभर दूर उभा राहतो आणि हलकेच षड्ज लावतो. फुंकर मी त्यानंतर कधी मारली नाही.