ज्या पेशीला त्याचं नाव मिळालं, तिचं काम त्याला शेवटपर्यंत कळलंच नाही

लहान मुलाच्या डोक्यावर टेंगूळ येतं, एक्स-रे काढला तर कवटीच्या हाडाला भोक पडल्यासारखं दिसतं. कुणाच्या अंगावर महिनोन् महिने न जाणारं पुरळ असतं. तपासणीनंतर रिपोर्टवर नाव येतं, लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस. पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या काही पेशी बिघडतात आणि हाडांत, त्वचेत साठत जातात. दहा लाख मुलांमागे वर्षाला चार-पाच जणांनाच होणारा हा आजार.

यातला लँगरहान्स कोण?

पॉल लँगरहान्स, जन्म बर्लिन, २५ जुलै १८४७. वडील डॉक्टर. मेडिकलला असतानाच, १८६८ साली, त्याने माणसाच्या त्वचेचा तुकडा गोल्ड क्लोराइडने रंगवून मायक्रोस्कोपखाली धरला. फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. आकार बघून त्याला वाटलं, या मज्जातंतूंच्या पेशी असणार. अंदाज साफ चुकला, पण चित्र मात्र अचूक होतं. पुढच्याच वर्षी स्वादुपिंडात त्याला पेशींचे छोटे पुंजके दिसले. त्यांचं काम काय, हे माहीत नाही असं त्याने सरळ लिहून टाकलं. इन्सुलिन तयार करणारी लँगरहान्सची बेटं ती हीच!

वयाच्या पंचविशीत तो फ्रायबुर्गला शिकवत होता. १८७४ मध्ये टीबीने गाठलं आणि सगळं थांबलं. तेव्हा टीबीवर औषध नव्हतं, चांगली हवा हाच उपाय. तो पोर्तुगालच्या मदेरा बेटावर गेला. तिथे तब्येत थोडी सावरल्यावर फुंचाल शहरात रुग्ण तपासू लागला, उरलेल्या वेळात समुद्री किड्यांचा अभ्यास. एका किड्याच्या गटाला त्याने आपले गुरू फिर्खो यांचं नाव दिलं. १८८५ मध्ये लग्न झालं. तीनच वर्षांनी, २० जुलै १८८८ रोजी, एकेचाळिसाव्या वाढदिवसाच्या पाच दिवस आधी तो गेला. कबर फुंचालमध्येच आहे.

त्वचेतली ती पेशी पुढे जवळपास शंभर वर्षं कोडंच राहिली. इकडे मुलांच्या या आजाराचं कारण सापडेना, म्हणून १९५३ मध्ये त्याला हिस्टिओसायटोसिस एक्स म्हटलं गेलं. एक्स म्हणजे अज्ञात. १९६१ साली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये लँगरहान्सच्या पेशीत टेनिस रॅकेटसारखे बारीक कण दिसले. तेच कण या आजाराच्या पेशींतही सापडले आणि एक्सच्या जागी त्याचं नाव आलं. त्वचेतल्या या पेशी शरीराच्या पहारेकरी आहेत, मज्जातंतूंच्या नव्हेत, हेही त्याच सुमारास स्पष्ट होत गेलं.

गंमत म्हणजे हे नावही पूर्ण बरोबर नसावं. आजाराच्या पेशी त्वचेतून नाही, तर बोन मॅरोमधल्या पेशींपासून तयार होतात असं आता दिसतंय. २०१० मध्ये निम्म्याहून जास्त रुग्णांत बीआरएएफ या जनुकातला बिघड सापडला, त्यावर नेम धरणारी औषधंही आली. आज बहुतेक मुलं यातून वाचतात.