चंद्र किती योजने दूर? भास्कराचार्यांचा हिशेब

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते. दिवस मावळतो त्याच सुमारास बालाघाटाच्या माळावर चंद्र उगवतो, आणि तो इतका जवळ भासतो की समोरच्या टेकडीवर चढले तर हाताला लागेल. हा चंद्र आपल्यापासून नेमका किती दूर आहे, हा प्रश्न या प्रदेशात आठ-साडेआठ शतकांपूर्वी एका माणसाने कागदावर, किंबहुना भिंतीवर, मांडून दाखवला होता. तो माणूस म्हणजे भास्कराचार्य.

‘लीलावती’मुळे भास्कराचार्यांचे नाव घरोघर पोचले. त्या नावाभोवती कथाही गुंफल्या गेल्या. मुलीच्या लग्नाचे मुहूर्तपात्र, त्यात पडलेला मोती, हुकलेली घटका. कथा गोड आहे, पण भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लेखनात तिला आधार सापडत नाही. आपल्याविषयी त्यांनी फार थोडे लिहिले. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये त्यांचा जन्म झाला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. शांडिल्य गोत्र, वडिलांचे नाव महेश्वर, आणि तेच गुरूही. गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जलवीड. हे गाव कोणते यावर मात्र विद्वानांचे एकमत नाही. कोणी ते चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरात शोधतात, कोणी विजापूर म्हणतात, तर कोणी येरमाळ्याहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यावरचे बीड हेच ते, असे मानतात. पाटणचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. त्याकडे पुढे येऊ.

आकाशातील अंतर मोजायचे तर आधी पायाखालची पृथ्वी मोजावी लागते. तिची रीत भास्कराचार्यांनी सोपी करून सांगितली आहे. एकमेकांच्या नेमक्या उत्तर-दक्षिणेस असलेली दोन गावे घ्यावीत. दोन्ही ठिकाणचे अक्षांश काढावेत आणि मधले अंतर मोजावे. मग त्रैराशिक मांडावे. अक्षांशांच्या इतक्या फरकाला इतकी योजने, तर ३६० अंशांना किती? उज्जैन विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर आहे असे धरून त्यांनी हे समजावले. त्यांच्या हिशेबाने पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजने आणि व्यास १,५८१ योजनांहून किंचित अधिक आहे.

गंमत अशी की या प्रयोगासाठी येरमाळा उत्तम गाव आहे. प्राचीन ज्योतिष्यांची मध्यरेषा लंका, उज्जैन आणि कुरुक्षेत्र यांवरून जाते, आणि येरमाळा जवळजवळ तिच्यावरच वसले आहे. विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची सावली येरमाळ्यात सुमारे चार अंगुळे पडते, उज्जैनला पाचाहून थोडी जास्त. दोन गावांच्या अक्षांशांत सुमारे ४.८ अंशांचा फरक आहे आणि सरळ अंतर सुमारे ५३० किलोमीटर. त्रैराशिक मांडले की पृथ्वीचा परीघ ४० हजार किलोमीटरच्या अगदी जवळ येतो. अक्षांश असे सावलीवरून काढता येत; रेखांश मात्र अवघड. त्यासाठी ग्रहणाच्या स्थानिक वेळांची तुलना करावी लागे. म्हणूनच की काय, भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहला’त मध्यरेषेवरील गावांच्या यादीत वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम येते, प्रत्यक्षात ते उज्जैनच्या एक अंशाहून अधिक पूर्वेला आहे.

पृथ्वी हाती आली की चंद्राकडे जाता येते. आपण पृथ्वीच्या केंद्रात नव्हे, पृष्ठावर उभे असतो. त्यामुळे चंद्र केंद्रातून जिथे दिसला असता त्याहून थोडा खाली झुकलेला दिसतो. या झुकावाला ज्योतिषात लंबन म्हणतात. वस्तू जितकी जवळ तितके लंबन मोठे. हे शिष्याला पटवण्यासाठी भास्कराचार्य सपाट भिंतीवर आकृती काढायला सांगतात. प्रमाण ठरवून पृथ्वीचे वर्तुळ काढायचे, त्याच प्रमाणात चंद्राची आणि सूर्याची कक्षा काढायची, मग एक रेषा केंद्रातून आणि एक पृष्ठावरून ओढायची. दोन्ही रेषांमधली फट म्हणजे लंबन. आजही वर्गात याहून चांगली आकृती काढता येणार नाही.

चंद्राचे अंतर त्यांनी ५१,५६६ योजने दिले आहे, सूर्याचे ६,८९,३७७ योजने. ही चौकट आर्यभट आणि ब्रह्मगुप्त यांच्यापासून चालत आलेली होती. भास्कराचार्यांचे श्रेय ती उपपत्तीसह उलगडून सांगण्याचे. योजनाचे किलोमीटर करण्याचा मोह येथे अनेकांना होतो, पण तो टाळलेला बरा. ‘लीलावती’तल्या कोष्टकाप्रमाणे योजन ३२ हजार हातांचे होते, आणि ते माप धरले तर पृथ्वी खऱ्याहून कितीतरी मोठी निघते. गुणोत्तर मात्र फसवत नाही. भास्कराचार्यांचा चंद्र पृथ्वीच्या ६५ त्रिज्यांवर आहे. खरा सरासरी ६० त्रिज्यांवर. नुसत्या डोळ्यांनी केलेल्या वेधांच्या जोरावर हे उत्तर थक्क करणारे आहे.

सूर्याचे तसे नाही. तो त्यांच्या गणितात ८७२ त्रिज्यांवर येतो, वास्तवात २३ हजारांहून अधिक त्रिज्यांवर आहे. सुमारे २७ पटींची चूक. ती कुठून आली? सर्व ग्रह दिवसाला सारखीच योजने, सुमारे ११,८५९, चालतात असे गृहीत धरले होते. जो आकाशात सावकाश सरकतो तो दूर. चंद्र सुमारे सव्वासत्तावीस दिवसांत फेरी पुरी करतो, सूर्य ३६५ दिवसांत. म्हणून सूर्य चंद्राच्या १३ पट दूर, बस्स. तत्त्व सुटसुटीत आहे, पण निसर्गाला ते मान्य नाही. शिवाय तपासून पाहण्याची सोयही नव्हती. चंद्राचे लंबन जवळपास एक अंशाचे असते, ते वेधात सापडते. सूर्याचे त्यांच्या हिशेबाने सुमारे ४ कला होते. प्रत्यक्षात ते ९ विकलाही भरत नाही, आणि इतके सूक्ष्म अंतर डोळ्याला कळणे शक्यच नाही. ग्रीक परंपरेतल्या टॉलेमीचा सूर्यही असाच फार जवळ होता. ग्रहांची गती आणि अंतर यांचा खरा संबंध केप्लरने १६१९ मध्ये मांडला, आणि सूर्याचे अंतर बऱ्यापैकी हाती आले ते १६७२ मध्ये, पॅरिस आणि दक्षिण अमेरिकेतील कायेन येथून एकाच वेळी मंगळाचे वेध घेतले तेव्हा. रीत तीच, लंबनाची; फक्त दोन निरीक्षकांमध्ये महासागर होता आणि हाती दुर्बीण.

या आकड्यांवर भास्कराचार्यांच्या काळी बरेच काही अवलंबून असे. सूर्यग्रहण केव्हा लागणार हे चंद्र व सूर्य यांच्या लंबनांच्या फरकावरून ठरते. त्यामुळे ग्रहणाची वेळ त्यांच्या मते चार घटकांपर्यंत मागेपुढे होऊ शकते. अंतर चुकले की वेळ चुकणार, आणि नदीकाठी स्नानाला जमलेला समाज ती चूक उघड्या डोळ्यांनी पाहणार. त्यांच्या लंबनातील त्रुटीमुळे सूर्योदय-सूर्यास्ताजवळच्या ग्रहणात फार तर पाव तासाचा फरक पडला असता. बाराव्या शतकात तेवढे खपून गेले असावे.

मला स्वतःला त्यांचे सर्वांत जवळचे वाटते ते आकाशाच्या परिघाविषयीचे लेखन. परंपरेने तो आकडा दिला होता १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजने. काहींच्या मते ही ब्रह्मांडाची सीमा. भास्कराचार्य आकडा देतात, आणि ब्रह्मांड एवढे असो वा नसो, एका कल्पात ग्रह इतकी योजने चालतो एवढेच आपण म्हणतो, असा अभिप्राय नोंदवून बाजूला होतात. गणिताने मिळते ते किती आणि मानून घेतलेले किती, हे त्यांनी वेगळे ठेवले. गुरुत्वाकर्षणापासून विमानापर्यंत सगळे आपल्या पूर्वजांच्या नावे लिहिणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

‘करणकुतूहल’ त्यांनी शके ११०५ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी लिहिले. त्यानंतर त्यांचा माग लागत नाही. पुढची हकीकत पाटणच्या शिलालेखातून कळते. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने पाटणहून आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि त्याला स्थानिक निकुंभ सामंतांनी दान दिले. शके ११२८ चा हा लेख संस्कृतात आहे, पण शेवटी तो मराठीत उतरतो. तिथे ग्रहगणित नाही. बाजारातल्या विक्रीवर मठाला काय मिळावे आणि प्रत्येक घाण्यामागे पळी-पळी तेल द्यावे, असे तेल्यांना कळेल अशा भाषेत कोरले आहे.