शलोमोची गाणी : मांतुआचे सालामोने रोस्सी

उत्तर इटलीत मिन्चो नदी एका ठिकाणी रुंद होते आणि तिची तीन तळी बनतात. या तळ्यांनी तीन बाजूंनी वेढलेले मांतुआ हे जुने शहर आहे. तिथे सुमारे चारशे वर्षे गोन्झागा घराण्याचे राज्य होते. ड्यूकचा राजवाडा अजून उभा आहे आणि त्यात पाचशेहून जास्त दालने आहेत. या घराण्याला चित्रांची, नाटकांची आणि गाण्याची फार हौस. क्लाउदियो मोंतेवेर्दी हे त्या काळातले मोठे संगीतकार मांतुआच्या दरबारात नोकरीला होते आणि त्यांचे 'ऑर्फेओ' हे संगीत नाटक १६०७ मध्ये याच राजवाड्यात पहिल्यांदा झाले. ऑपेरा या नाट्यप्रकाराचा इतिहास सांगताना त्या प्रयोगापाशी थांबावेच लागते.

याच राजवाड्यात त्याच वर्षांत एक यहुदी वादक व्हायोलिन वाजवत होता, नवी गाणी रचत होता आणि आपल्या छापील पुस्तकांवर नावापुढे 'एब्रेओ', म्हणजे यहुदी, असे लिहीत होता. त्यांचे नाव सालामोने रोस्सी. आपल्या भाषेत म्हणायचे तर शलोमो.

रोस्सींचा जन्म १५७० च्या सुमारास झाला. इटालियनमध्ये 'रोस्सी' म्हणजे तांबडे. हिब्रूत या घराण्याला 'मिन हाअदुमिम', म्हणजे तांबड्यांपैकी, असे म्हणत. यरुशलेमचे मंदिर पडल्यावर टायटसने जी यहुदी कुटुंबे रोमला नेली, त्यांतले आपण एक, अशी त्या घराण्याची परंपरा होती. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली, ही कथा ऐकत वाढलेल्या बेने इस्राएलांना अशी परंपरा ओळखीची वाटेल. आपण कुठून आलो हे मुलांना सांगितल्याशिवाय कोणतेही घराणे परक्या देशात टिकत नाही.

मांतुआत यहुदी मंडळी नाटकात आणि संगीतात आधीपासून होती. रोस्सींच्या आधीच्या पिढीत लेओने दे सोम्मी यांनी हिब्रूत नाटक लिहिले आणि नाटक कसे बसवावे यावर इटालियनमध्ये ग्रंथ लिहिला. दरबारच्या सणसमारंभांत यहुदी नटमंडळी नाटके करीत. रोस्सींची बहीणही गायिका होती. दरबारात ती 'मादामा एउरोपा' या नावाने ओळखली जाई.

रोस्सींचे पहिले पुस्तक १५८९ मध्ये छापले गेले. त्यात तीन आवाजांत गायची छोटी इटालियन गाणी होती आणि ते त्यांनी ड्यूक विन्चेन्झो गोन्झागा यांना अर्पण केले. तेव्हा त्यांचे वय विशीच्या आसपास असेल. पुढच्या चाळीस वर्षांत त्यांची तेरा पुस्तके निघाली. १६०७ मध्ये त्यांनी वाद्यसंगीताचा पहिला संग्रह काढला. वर दोन व्हायोलिने एकमेकांशी बोलल्यासारखी वाजतात आणि खाली खर्जाचे वाद्य साथ धरते, ही रचना पुढे साऱ्या युरोपात रूढ झाली. तिची सुरुवात करणाऱ्यांत रोस्सी होते.

दरबाराने त्यांची कदर केली, पण कदर आणि बरोबरी या वेगळ्या गोष्टी. मांतुआतल्या यहुद्यांना अंगावर पिवळी खूण लावूनच रस्त्यावर निघावे लागे. १६०६ मध्ये ड्यूकने रोस्सींना या खुणेतून सूट दिली. ती सूट त्यांच्या कलेसाठी होती. त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना मात्र खूण लावावीच लागे. पुढे १६१२ मध्ये शहरात घेट्टो झाला. यहुद्यांनी ठरलेल्या गल्ल्यांतच राहायचे आणि रात्री दरवाजे बंद व्हायचे. त्यानंतरही दरबाराचे काम सुरूच राहिले. १६१७ मध्ये ड्यूक फेर्दिनान्दो यांच्या लग्नाच्या वेळी 'ला मादालेना' हे धार्मिक नाटक झाले. त्याचे संगीत मोंतेवेर्दींसह अनेकांनी दिले होते आणि त्यांत रोस्सीही होते.

रोस्सींचे सर्वांत मोठे काम मात्र राजवाड्यासाठी नव्हते, सिनेगॉगसाठी होते.

ते समजण्यासाठी एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडे भजन असो, कीर्तन असो वा तेफिला, सूर एकच असतो. हजान म्हणतो, मग सगळे तीच चाल म्हणतात. रोस्सींच्या काळातल्या इटलीत संगीताची पद्धत वेगळी होती. तीन, चार, पाच, कधी आठ आवाज, प्रत्येकाची चाल निराळी, पण सगळ्या चाली एकाच वेळी गाऊन त्यांचा मेळ बसवायचा. हे संगीत चर्चमध्ये आणि दरबारात घुमत होते. सिनेगॉगमध्ये मात्र जुन्या एकसुरी चालीच होत्या. रोस्सींनी हिब्रू तेफिलांना आणि स्तोत्रांना या नव्या, अनेक आवाजांच्या चाली लावल्या.

यावर वाद होणारच होता. मंदिर पडल्यापासून आपण शोकात आहोत, बिरड्याचा रोजा आपण त्याच शोकासाठी धरतो, मग प्रार्थनेत असे सजवलेले गाणे कशाला, असे अनेकांचे मत होते. चर्चसारखा आवाज सिनेगॉगमध्ये नको, अशीही भीती होती. व्हेनिसचे रब्बी लेओने मोदेना यांनी रोस्सींची बाजू घेतली. १६०५ मध्ये फेरारा शहरात अशाच गाण्यावरून तंटा झाला होता. तेव्हा मोदेनांनी निवाडा लिहिला आणि व्हेनिसच्या रब्बींनी त्याला दुजोरा दिला. त्यांचे म्हणणे साधारण असे होते : मंदिरात लेवी गात आणि वाद्ये वाजवत. ती कला मुळात आपलीच. देशोधडीला लागल्यामुळे ती हातून गेली. आता तिच्यात पुन्हा निपुण माणूस मिळाला आहे, तर सणाच्या दिवशी आणि शब्बाथला तिने देवाची स्तुती करायला हरकत नाही.

असे ते पुस्तक १६२२-२३ मध्ये व्हेनिसला छापले गेले. नाव होते 'हाशिरिम अशेर लिश्लोमो', म्हणजे शलोमोची गाणी. शलोमो राजाच्या गीतरत्नाची आठवण व्हावी आणि रचणाऱ्याचे नावही कळावे, अशी ही शब्दांची गंमत आहे. त्यात तीन ते आठ आवाजांच्या ३३ रचना आहेत : कद्दिश, केदुशा, अदोन ओलाम, एन केलोहेनू, यिगदाल, बरीच स्तोत्रे आणि शेवटी लग्नाचे एक गाणे. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या निर्वासितांचे १३७ वे स्तोत्रही त्यात आहे. परक्या भूमीत देवाचे गाणे कसे गावे, हा त्या स्तोत्रातला प्रश्न. पुस्तकाला आधार दिला मांतुआचे मोशे सुल्लाम यांनी, आणि प्रस्तावना लिहून छपाईवर नजर ठेवली लेओने मोदेना यांनी. पंधरा वर्षे कोणी हे पुस्तक परवानगीवाचून छापू नये, असा रब्बींचा हुकूमही पुस्तकात छापला होता.

छापताना एक पेच पडला. स्वरलिपी डावीकडून उजवीकडे वाचतात आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे. मग दोन्ही एकाखाली एक कसे बसवायचे? त्यांनी स्वर नेहमीसारखे डावीकडून मांडले आणि हिब्रू शब्द उलटे न फिरवता जसेच्या तसे ठेवले. स्वर एका दिशेने आणि शब्द दुसऱ्या दिशेने, असे वाचण्याचे काम गाणाऱ्यांवर आले. तेफिलांचे शब्द त्यांना पाठ होते, म्हणून ते जमले. आपल्या लोकांनाही हा पेच ठाऊक आहे. १८४६ मध्ये मुंबईत मराठी अर्थासह हग्गादा छापली गेली, तेव्हा एकाच पुस्तकात हिब्रू उजवीकडून आणि मराठी डावीकडून जाऊ लागली. वर्गात हिब्रू तेफिला देवनागरीत लिहून घेणारी मुलेही आज तोच प्रश्न आपापल्या वहीत सोडवतात.

रोस्सींचे शेवटचे पुस्तक १६२८ मध्ये निघाले. त्याच सुमारास मांतुआच्या गादीवरून युद्ध पेटले. जुलै १६३० मध्ये बादशाही फौज शहरात घुसली. राजवाडा लुटला गेला. घेट्टो लुटला गेला आणि यहुद्यांना शहराबाहेर हाकलले गेले. त्यातच प्लेगची साथ होती. पुढे काही यहुदी परत आले, पण जुने वैभव परतले नाही. १६२८ नंतर रोस्सींचे नाव कोणत्याही नोंदीत सापडत नाही. त्यांची गाणी गाणारी मंडळी पांगली, आणि सिनेगॉगमधले ते अनेक आवाजांचे गाणे थांबले.

इथेच त्यांची कथा संपली असती. पण गाणी छापलेली होती. प्रत्येक आवाजाची वेगळी पोथी, अशा त्या पोथ्या दोनशेहून जास्त वर्षे कपाटांत पडून राहिल्या. एकोणिसाव्या शतकात रॉथ्सचाइल्ड घराण्यातील बॅरन एदमाँ यांना त्या इटलीत मिळाल्या. त्यांनी त्या पॅरिसचे मुख्य हजान साम्युएल नाउमबूर्ग यांना दिल्या, आणि १८७७ मध्ये त्यांतली बहुतेक गाणी पुन्हा छापून निघाली. आज युरोपात, इस्राएलमध्ये आणि अमेरिकेत गायकवृंद ती गातात. बॉस्टनच्या झमीर कोराल या वृंदाने ती ध्वनिमुद्रित केली आहेत. स्टेट कॉलेजमध्ये घरी बसूनही ती ऐकता येतात. ऐकताना आधी एकाच आवाजाचा माग धरावा, मग दुसऱ्याचा. म्हणजे ती गुंफण कळू लागते.

मांतुआला कधी जाणे झाले, तर हा माग पायी घेता येतो. राजवाड्यापासून सुरुवात करावी. तिथून जुन्या घेट्टोच्या भागात यावे. घेट्टोची बरीचशी घरे विसाव्या शतकाच्या सुरुवातीस पाडली गेली, पण बेर्तानी रस्त्यावर 'रब्बीचे घर' म्हणून ओळखली जाणारी इमारत उभी आहे. गोवी रस्त्यावर नोर्सा सिनेगॉग आहे. अठराव्या शतकातले ते सिनेगॉग घेट्टो पाडताना आतल्या सामानासह इथे हलवण्यात आले. जवळच बिबियेना नावाचे छोटे नाट्यगृह आहे. ते उघडल्यावर थोड्याच दिवसांत, जानेवारी १७७० मध्ये, तेरा वर्षांच्या मोझार्टने तिथे वादन केले. हे सारे एका दुपारी पाहून होते. या शहराचे संगीत एका धर्माचे किंवा एका भाषेचे नव्हते, हे त्या फेरीत आपोआप दिसते.

रोस्सींनी जे केले, तसेच काही आपल्याकडेही घडले. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएल मंडळींनी मराठी कीर्तन सुरू केले. साकी, दिंडी, ओवी, आर्या हे सगळे शेजारच्या हिंदू कीर्तनकारांकडचे. कथा मात्र अब्राहामची, योसेफची, मोशेची. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारखे कीर्तनकार या कामात पुढे होते. ज्यांना हिब्रू कळत नव्हते, त्या बायकामुलांनाही तोरातल्या कथा त्यामुळे पाठ झाल्या. शेजाऱ्याची चाल घेऊन आपली कथा सांगितली, म्हणून कोणी आपला धर्म सोडला नाही. रोस्सी आयुष्यभर नावापुढे 'एब्रेओ' लिहीत राहिले, त्याचा अर्थही हाच.

फरक एवढाच की त्यांची गाणी स्वरांसह कागदावर होती. आपल्या कीर्तनांचे शब्द छापले गेले, पण चाली बहुतेक तोंडी राहिल्या. मालिद्याच्या वेळी म्हणायच्या एलियाहू हन्नावीच्या गाण्याची चाल, लग्नात मेंदीच्या रात्री बायका म्हणत त्या गाण्यांच्या चाली, या आज काही थोड्या वडीलधाऱ्यांच्या कंठात आहेत. कोकणातून मुंबई, मुंबईतून इस्राएल किंवा अमेरिका अशी घरे हलत गेली, तशी प्रत्येक टप्प्यावर एखादी चाल मागे राहिली. मांतुआसारखी लूट व्हायलाच हवी असे नाही. कोणी विचारले नाही, तरी चाल हरवते.

म्हणून रोस्सींच्या चरित्रातून घरी न्यायचे काम छोटे आहे. मुलांनी आजी-आजोबांना एक चाल म्हणायला सांगावी आणि फोनवर ध्वनिमुद्रित करावी. ती कोणी शिकवली, कोणत्या गावात, कोणत्या सणाला म्हणत, हे खाली लिहून ठेवावे. मोठ्यांनी आवाज आता चांगला राहिला नाही असे म्हणून टाळू नये. चाल कळेल एवढा सूर पुरे आहे.